सोळाव्या वर्षानंतर कॉलेजला न्यायचं कुणी?

इंग्लंडमध्ये पंधरा वर्षांच्या मुलीची शाळा घरापासून ३ मैलांहून लांब असेल आणि त्याहून जवळच्या योग्य शाळेत तिला जागा मिळत नसेल, तर तिच्या जाण्यायेण्याची सोय काउन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, करायची असते, तीही फुकट. हा कायदा आहे, काउन्सिलची मेहेरबानी नाही. तीच मुलगी जीसीएसईची, म्हणजे सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा देऊन सप्टेंबरात १२ मैलांवरच्या कॉलेजात जाऊ लागली की हा हक्क संपलेला असतो. अंतर वाढलेलं असतं, मध्ये बस बदलावी लागते आणि खर्च घरच्यांच्या अंगावर येतो. कायदा मात्र तिला सांगतो की अठरा पूर्ण होईपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू ठेव.

इथल्या मराठी आईवडिलांना ही गोष्ट बहुतेकदा ऑगस्टच्या अखेरीस कळते. निकाल लागलेला असतो, कॉलेजात नाव घातलेलं असतं, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘बसपासचं काय केलंत?’ आपण महाराष्ट्रात वाढलो, तिथे उत्तर सरळ होतं. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला दोन तृतीयांश सवलत, गावाकडच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत पास, आणि नियम गडचिरोलीत तोच, सिंधुदुर्गातही तोच. इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा वयासाठी असा एक नियम नाही. तुम्ही कुठल्या काउन्सिलच्या हद्दीत राहता त्यावर सगळं ठरतं. त्यामुळे मँचेस्टरच्या मैत्रिणीने सांगितलेली माहिती श्रॉपशायरमध्ये निरुपयोगी ठरू शकते.

कायद्यातली फट

दोन वेगळे कायदे इथे एकमेकांना भेटत नाहीत, आणि मुलं त्या फटीत सापडतात.

पहिला १९९६ चा शिक्षण कायदा. सक्तीच्या शालेय वयाच्या मुलांना मोफत वाहतूक कधी द्यायची हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी २ मैल, त्यापुढच्यांसाठी ३ मैल. शिवाय रस्ता पायी जाण्यासारखा सुरक्षित नसेल, मुलाला अपंगत्व किंवा विशेष शैक्षणिक गरज असेल, घरचं उत्पन्न कमी असेल, तर त्याचे वेगळे नियम. सक्तीचं शालेय वय संपतं ते मूल ज्या शैक्षणिक वर्षात सोळा वर्षांचं होतं त्या वर्षीच्या जून महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी. त्या दिवसानंतर ही सगळी कलमं त्याच्यासाठी बंद होतात.

दुसरा २००८ चा शिक्षण आणि कौशल्य कायदा. त्याने शिकत राहण्याचं वय वाढवलं: २०१३ पासून सतरा आणि २०१५ पासून अठरा. याचा अर्थ सगळ्यांनी ए लेव्हलच (विद्यापीठाकडे नेणारा अभ्यासक्रम) करावं असा नाही. सिक्स्थ फॉर्म (शाळेतली शेवटची दोन वर्षं) किंवा फर्दर एज्युकेशन कॉलेजात (मुख्यतः व्यवसायशिक्षणाचं कॉलेज) पूर्णवेळ शिकता येतं, अप्रेंटिसशिप (कामावर राहून प्रशिक्षण) करता येते, किंवा नोकरी करत जोडीला अर्धवेळ प्रशिक्षण घेता येतं. न शिकणाऱ्याला शिक्षा करण्याची कलमं कायद्यात लिहिली गेली, पण अमलात आणली गेली नाहीत. तरीही शाळा, काउन्सिल, पालक, सगळे हे बंधन मानूनच चालतात.

शिकण्याचं वय वाढवलं तेव्हा मोफत वाहतुकीचं वय मात्र सोळावरच राहू दिलं. माझ्या मते हा अन्याय आहे. ज्या सरकारने मुलाला अठरापर्यंत शिकायला सांगितलं, त्याने त्याला वर्गापर्यंत पोचवण्याचीही जबाबदारी घ्यायला हवी होती. तसं झालं नाही, म्हणून आहे ते नीट समजून घेणं भाग आहे.

तर सोळा ते अठरा वयासाठी काउन्सिलवर कायद्याने काय बंधन आहे? एक लेखी धोरण जाहीर करण्याचं. दरवर्षी ३१ मेपर्यंत प्रत्येक काउन्सिलला येत्या शैक्षणिक वर्षासाठी ‘पोस्ट-सिक्स्टीन ट्रान्सपोर्ट पॉलिसी स्टेटमेंट’ नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करावा लागतो. मुलांना शिक्षण घेता यावं म्हणून वाहतुकीची कोणती सोय आणि प्रवासखर्चाला कोणती मदत ‘आवश्यक’ आहे, हे काउन्सिलने त्यात सांगायचं. आणि आवश्यक काय, हे ठरवायचं काउन्सिलनेच. सगळा खेळ या एका शब्दावर आहे.

मात्र काउन्सिलला मनाला येईल ते लिहिता येत नाही. ठरवताना कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या हे कायदा सांगतो: ज्यांची दुसरी कुठलीच सोय नाही अशी मुलं, घरापासूनचं अंतर, लागणारा वेळ, खर्च, दुसरे मार्ग, आणि धर्म किंवा श्रद्धेमुळे पालकांनी विशिष्ट संस्था मागितली असेल तर तेही. अपंग आणि शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी काय करणार हे वेगळं लिहावं लागतं. आणि कॉलेजातल्या मुलांना त्याच वयाच्या शाळेतल्या मुलांपेक्षा कमी देता येत नाही. शाळेच्या सिक्स्थ फॉर्मला जाणाऱ्या मुलाला पास मिळतो आणि फर्दर एज्युकेशन कॉलेजात प्लंबिंग किंवा हेअरड्रेसिंग शिकणाऱ्या मुलीला मिळत नाही, असं धोरण कायद्यात बसत नाही. कॉलेजातल्या हाताच्या कामाच्या अभ्यासक्रमांकडे आपल्या घरांतही जरा कमी लेखून पाहिलं जातं, म्हणून ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

वयाचा एक तपशीलही ध्यानात ठेवा. ही व्यवस्था एकोणीस पूर्ण होईपर्यंतच्या मुलांसाठी आहे, पण एकोणीस होण्याआधी सुरू केलेला अभ्यासक्रम चालू असेल तर तो संपेपर्यंत मूल याच व्यवस्थेत मोजलं जातं.

एका देशात इतके वेगळे नियम का

आधी काउन्सिल कुठलं ते पाहा. ज्या भागात दोन पातळ्या आहेत तिथे शिक्षण आणि ही वाहतूक काउंटी काउन्सिलकडे असते. कचरा उचलणाऱ्या डिस्ट्रिक्ट काउन्सिलला फोन करून उपयोग नाही. जिथे एकच युनिटरी काउन्सिल आहे तिथे प्रश्न येत नाही. मोठ्या शहरांच्या पट्ट्यात मात्र शिक्षण बरो काउन्सिलकडे आणि बसचा कारभार महापौराच्या कंबाइंड ऑथॉरिटीकडे (अनेक काउन्सिलांची संयुक्त संस्था), अशी वाटणी असते. तिथे पास एका ठिकाणी मागायचा असतो आणि विशेष गरज असलेल्या मुलासाठी गाडी दुसऱ्या ठिकाणी.

दुसरं कारण बसच्या इतिहासात आहे. १९८६ साली लंडन सोडून बाकी इंग्लंडमधल्या बससेवा खुल्या केल्या गेल्या. कुठल्या मार्गावर बस चालवायची, किती भाडं घ्यायचं, हे खासगी कंपन्या ठरवू लागल्या. लंडनने स्वतःचा ताबा ठेवला. म्हणून लंडनच्या बरोमध्ये राहणाऱ्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला झिप ऑयस्टर या प्रवासकार्डावर बस आणि ट्राम मोफत मिळते, ट्यूबही सवलतीत. ग्रेटर मँचेस्टरने २०१९ मध्ये ‘अवर पास’ आणला. एकदाच १० पौंड भरायचे, मग सोळा ते अठरा वयात पूर्ण विभागात बस मोफत, आणि अठरावा वाढदिवस झाला तरी त्यानंतरच्या ३१ ऑगस्टपर्यंत पास चालतो. तो बनवणाऱ्यांनी वाढदिवसाकडे न बघता शैक्षणिक वर्षाकडे पाहिलं. जानेवारी २०२५ पासून तिथल्या बस पुन्हा पूर्णपणे सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्या आहेत. स्कॉटलंड तर यापुढे गेलं. तिथे ३१ जानेवारी २०२२ पासून बावीस वर्षांखालच्या सगळ्यांना बस मोफत आहे, शिकत असोत वा नसोत.

आता लिंकनशायर, कॉर्नवॉल, नॉर्थ यॉर्कशायर बघा. गावं विखुरलेली, बस तासा-दोन तासांनी, काही गावांना तीही नाही. तिथली काउन्सिलं बेपर्वा आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. एका मुलाला २० मैल नेण्याचा खर्च शहरातल्या पासाच्या कितीतरी पट असतो, आणि या वयासाठी केंद्राकडून वेगळा बांधलेला निधी येत नाही. पण याचं फळ असं, की ज्या मुलांना मदतीची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच पालकांना सर्वांत जास्त पैसे मोजावे लागतात.

धोरणात काय शोधायचं

हा दस्तऐवज पंधरा-वीस पानांचा असतो आणि भाषा रुक्ष. तरी वाचा. निदान चार गोष्टी त्यात सापडतात का बघा.

अंतर आणि ‘सर्वांत जवळची योग्य संस्था’. बरीच काउन्सिलं मदत देतात ती घराजवळच्या, तो अभ्यासक्रम शिकवणाऱ्या संस्थेपर्यंतच. १४ मैलांवरच्या कॉलेजचं नाव मोठं आहे म्हणून तिथे प्रवेश घेतला आणि तोच अभ्यासक्रम ६ मैलांवर उपलब्ध असला, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. इथे ‘तोच अभ्यासक्रम’ यावर वाद होऊ शकतो. इंजिनीअरिंगचा टी लेव्हल (व्यावसायिक अभ्यासक्रम) आणि फिजिक्सचा ए लेव्हल हे एक नव्हेत. फरक असेल तर कॉलेजकडून लेखी घ्या आणि अर्जाला जोडा.

भरायची रक्कम. सोळा ते अठरा वयासाठी काउन्सिल वर्षाची वर्गणी घेऊ शकतं. ही काही शे पौंडांपासून काही ठिकाणी हजाराच्या आसपास जाते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सूट असते, पण ती मागावी लागते आणि युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यासारखा पुरावा लागतो.

शाळेच्या बसमधली रिकामी जागा. काउन्सिलने लहान मुलांसाठी ठरवलेल्या बसमध्ये सीट उरली तर ती मोठ्या विद्यार्थ्याला विकत मिळू शकते. खेड्यात हा चांगला मार्ग आहे, पण भरवशाचा नाही. हक्काचं लहान मूल आलं की विकत घेतलेली जागा काढून घेता येते. त्यात आणखी एक गुंता आहे. २२ पेक्षा जास्त प्रवाशांच्या बसमध्ये पैसे घेऊन प्रवासी बसवले की व्हीलचेअरची सोय असण्याचे नियम लागू होतात, आणि सगळ्या जुन्या कोचमध्ये ती नसते. सरकारने मुदतीच्या सवलती दिल्या, तरी यामुळे काही ठिकाणी जागा विकणंच थांबलं.

चौथी गोष्ट अर्जाची मुदत, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. मुदत पुष्कळ ठिकाणी जून किंवा जुलैत संपते. जीसीएसईचा निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात. म्हणजे मूल कुठल्या कॉलेजात जाणार हे पक्कं होण्याआधीच अर्ज करायचा असतो. थांबू नका. पहिल्या पसंतीच्या कॉलेजचं नाव घालून वेळेत अर्ज करा, निकालानंतर बदल झाला तर कळवा. उशिरा आलेला अर्ज सप्टेंबरच्या गर्दीनंतर बघितला जातो, आणि तोवरचं भाडं तुमच्या खिशातून जातं. दुसऱ्या वर्षी पास आपोआप पुढे चालू राहील असंही धरू नका. दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो आणि दरम्यान धोरणही बदललेलं असू शकतं.

वेळेबद्दलही एक आकडा लक्षात असू द्या. माध्यमिक वयाच्या मुलाला एका बाजूला ७५ मिनिटांपर्यंत प्रवास करायला लावणं वाजवी, असा सरकारी मार्गदर्शनातला संकेत आहे, आणि सोळा वर्षांवरच्या मुलांसाठीही तोच धरावा असं सांगितलं आहे. हा कायदा नाही, पण तुमच्या मुलीला रोज दोन बस बदलून एका बाजूला पावणेदोन तास लागत असतील तर हा आकडा तुमच्या बाजूने बोलतो.

पैशाचे बाकीचे रस्ते

२०११ पर्यंत इंग्लंडमध्ये ‘ईएमए’ नावाचा भत्ता होता. कमी उत्पन्नाच्या घरातल्या, शिकत राहणाऱ्या मुलाला आठवड्याला ३० पौंडांपर्यंत थेट हातात मिळत. तो बंद झाला. वेल्स, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडने चालू ठेवला. इंग्लंडमध्ये त्याच्या जागी ‘१६ ते १९ बर्सरी फंड’ आला, आणि हा पैसा काउन्सिलकडे नसतो, कॉलेजकडे असतो. काउन्सिलच्या देखरेखीत वाढलेली मुलं, स्वतःच्या नावावर ठराविक भत्ते घेणारी मुलं, यांना वर्षाला १,२०० पौंडांपर्यंत मिळू शकतात. बाकीच्यांसाठी कॉलेज स्वतःचे निकष ठरवतं, आणि मदत रोखीऐवजी बसपास, जेवण किंवा साहित्याच्या रूपानेही देतं. पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या स्टुडंट सपोर्टकडे जा. फंड मर्यादित असतो.

हे ऐकून काही जण म्हणतात, आपला पगार बरा आहे, आपल्याला काय मिळणार. पण खर्चाचा हिशोब तरी करून बघावा. बसच्या एका फेरीचं भाडं सध्या इंग्लंडमध्ये ३ पौंडांच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. ती एका बसला लागू. गावातून शहरात एक बस आणि शहरातून कॉलेजला दुसरी, येताना तसंच, म्हणजे दिवसाला १२ पौंड. आठवड्यातले चार दिवस आणि ३६ आठवडे धरले तर १,७२८ पौंड. कंपनीचा आठवड्याचा किंवा पूर्ण सत्राचा विद्यार्थी पास यापेक्षा बराच स्वस्त पडतो, पण दोन बस दोन वेगळ्या कंपन्यांच्या असल्या तर एकाचा पास दुसरीत चालेलच असं नाही. पास घेण्यापूर्वी हे विचारा.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी ‘१६-१७ सेव्हर’ कार्ड उत्तम आहे. बहुतेक तिकिटांवर आणि सीझन तिकिटावरही निम्मी सूट. पण ते अठराव्या वाढदिवशी संपतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात जन्मलेलं मूल इयर १३ च्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच अठराचं होतं. त्यानंतरचं १६-२५ रेलकार्ड दिसायला चांगलं, पण सीझन तिकिटावर चालत नाही आणि आठवड्याच्या दिवशी सकाळच्या गाड्यांना किमान भाड्याची अट असते, म्हणजे नेमक्या कॉलेजच्या वेळी. मुलाचा वाढदिवस वर्षाच्या सुरुवातीला येत असेल तर दुसऱ्या वर्षाचा खर्च आधीच वेगळा धरा.

कॉलेजची स्वतःची बसही असते. मोठ्या फर्दर एज्युकेशन कॉलेजांना मुलं दूरवरून यायला हवी असतात, म्हणून ती अनेक मार्गांवर स्वतः कोच चालवतात. ओपन डेला गेलात की प्रयोगशाळा बघा, कॅन्टीन बघा, आणि बसचा नकाशाही मागून घ्या. वर्ग सुटण्याची वेळ आणि शेवटच्या बसची वेळ ताडून बघा. कौशल्याच्या अभ्यासक्रमात वर्कशॉपचे तास उशिरापर्यंत चालतात.

विशेष गरज असलेल्या मुलांसाठी

आतापर्यंतचं सगळं खर्चाचं होतं. ज्या मुलाला एकट्याने बसने जाताच येत नाही, त्याच्या घरी प्रश्न वेगळा असतो. ऑटिझम असलेल्या मुलाला चौदा-पंधराव्या वर्षांपर्यंत सकाळी दारात टॅक्सी यायची, ओळखीचा ड्रायव्हर, सोबतीला ओळखीची मदतनीस. सोळा झाल्यावर ती येईलच याची हमी संपते. त्याची गरज मात्र त्या उन्हाळ्यात तसूभरही बदललेली नसते. या कुटुंबांमध्ये आईने नोकरी सोडणं किंवा अर्धवेळ करणं ही फार ठरलेली गोष्ट झाली आहे, आणि आपल्या समाजात त्याबद्दल बोललंही जात नाही.

अशा बऱ्याच मुलांची ‘ईएचसी प्लॅन’ (शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा आराखडा) नावाची योजना असते. २०१४ च्या मुले आणि कुटुंबे कायद्याने ती पंचवीस वर्षांपर्यंत चालू राहू शकते. पालकांचा एक मोठा गैरसमज इथे असतो: प्लॅनमध्ये कॉलेजचं नाव लिहिलं म्हणजे गाडी मिळाली. तसं नाही. नाव प्लॅनमध्ये असलं तरी सोळा ते अठरा वयात वाहतुकीचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि निर्णयही वेगळा होतो. प्लॅनच्या वार्षिक आढाव्यात, विशेषतः इयर ११ मध्ये, म्हणजे जीसीएसईच्या वर्षी, ‘तो कॉलेजला कसा जाणार?’ हा प्रश्न तुम्हीच मांडा आणि उत्तर नोंदवून घ्या. प्लॅनमधलं कॉलेज पालकांच्या आग्रहाचं आणि त्याहून जवळचं कॉलेज काउन्सिलच्या मते पुरेसं, अशी स्थिती असेल तर प्रवासखर्चावरून वाद होणार हे आधीच ओळखा.

काउन्सिल टॅक्सीऐवजी तीन गोष्टी देऊ करतं. एक, मुलाला स्वतंत्र प्रवासाचं प्रशिक्षण. एक माणूस काही आठवडे त्याच्याबरोबर बसने जातो, हळूहळू मागे सरतो. ज्यांना ते झेपतं त्यांच्यासाठी ही सर्वांत चांगली देणगी आहे, कारण ती कॉलेज संपल्यावरही उरते. पण ते कुणावर लादायचं नसतं. दोन, मैलामागे काही पेन्स. पालकांनी स्वतःच्या गाडीने न्यायचं. तीन, वर्षाचं ‘पर्सनल ट्रॅव्हल बजेट’. पैसे घ्या आणि सोय तुम्ही करा. ही दोन्ही पालकांकडे गाडी आणि मोकळा वेळ असेल तरच उपयोगाची. रुग्णालयात सकाळी सातच्या ड्युटीवर असणाऱ्या नर्सला हे बजेट देऊन मूल कॉलेजला पोचत नाही. तुमची ड्युटी, दुसऱ्या मुलाची शाळा, तुमची तब्येत, हे अर्जात तपशिलाने लिहा. ‘आम्हाला जमत नाही’ एवढं पुरत नाही. नोकरीच्या ठिकाणचं पत्र जोडा.

लेस्टरशायरने काही वर्षांपूर्वी विशेष गरजेच्या सोळा ते अठरा वयाच्या विद्यार्थ्यांची थेट वाहतूक बहुतांशी थांबवून वैयक्तिक बजेट द्यायचं ठरवलं. पालकांनी कोर्टात आव्हान दिलं, भेदभावाचा मुद्दा मांडला. २०२० मध्ये अपील कोर्टाने काउन्सिलच्या बाजूने निर्णय दिला. त्यामुळे धोरणच बेकायदा ठरवून घेणं किती अवघड आहे हे कळतं. एका मुलाच्या बाबतीत धोरण चुकीचं लावलं, हे दाखवणं त्यामानाने सोपं असतं. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासणं आणि धोरणाबाहेरच्या कारणांकडेही बघणं हे काउन्सिलचं कर्तव्य आहे. ‘सोळावरच्या कुणालाच आम्ही टॅक्सी देत नाही’ असं उत्तर आलं तर तिथेच बोट ठेवा.

आता एकोणीस वर्षांनंतरची एक गोष्ट, जी फार थोड्या पालकांना ठाऊक असते. एकोणीस झाल्यानंतर नवा अभ्यासक्रम सुरू करणाऱ्या, ईएचसी प्लॅन असलेल्या तरुणांसाठी वेगळं कलम लागू होतं. तिथेही ‘आवश्यक’ हाच निकष आहे. पण काउन्सिलने वाहतूक आवश्यक मानली की ती मोफतच द्यावी लागते. वर्गणी घेता येत नाही. म्हणजे अठराव्या वर्षी ज्या सोयीसाठी पैसे भरावे लागत होते, तीच वीसाव्या वर्षी नव्या अभ्यासक्रमासाठी आवश्यक ठरली तर फुकट. शिवाय तो आता प्रौढ आहे, त्याला रोज नेणं ही आईवडिलांची कायदेशीर जबाबदारी नाही. काउन्सिलने सोळा-अठराच्या धोरणातलं वाक्य उचलून एकोणीसच्या अर्जाला उत्तर दिलं असेल, तर कोणतं कलम लावलं ते लेखी विचारा.

व्हिसावर राहणाऱ्यांसाठी एक शब्द. ‘पब्लिक फंड्सचा हक्क नाही’ ही अट वाचून अनेक जण अर्जच करत नाहीत. ती अट ठराविक भत्त्यांची आणि सरकारी घरांची आहे. मुलांचं शालेय शिक्षण त्या यादीत येत नाही, ईएचसी प्लॅनही नाही. बर्सरीचे निवासाचे निकष वेगळे असतात, ते कॉलेज सांगतं.

नकार आला तर

नकाराचं कारण लेखी मागा आणि धोरणातल्या कोणत्या परिच्छेदावरून तो दिला हेही विचारा. मग काउन्सिलच्या अपील प्रक्रियेत जा. सोळाखालच्या मुलांसाठी दोन टप्प्यांची पद्धत सरकारने सुचवली आहे, आधी अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, मग स्वतंत्र पॅनेलसमोर. बरीच काउन्सिलं मोठ्या मुलांसाठीही तीच वापरतात. पॅनेलसमोर बोलायची संधी असेल तर घ्या. इंग्रजी मोडकी असली तरी चालेल, रोजचा दिवस कसा जातो हे सांगा: मूल किती वाजता उठतं, रस्ता ओलांडताना काय होतं, बस चुकली की काय होतं. डॉक्टरचं पत्र ‘याला ऑटिझम आहे’ एवढंच म्हणत असेल तर कमी पडतं. ‘गर्दीच्या बसमध्ये तो घाबरून उतरतो आणि त्याला धोक्याचं भान राहत नाही’ असं लिहिलेलं पत्र उपयोगी पडतं.

त्यापुढे लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन, म्हणजे काउन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा. तक्रार मोफत, आणि गोष्ट कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत करायची. ओम्बुड्समन निर्णय बरोबर की चूक हे ठरवत नाही, तो कसा घेतला ते तपासतो. काउन्सिलने तुमचे पुरावे वाचलेच नाहीत, चुकीचं कलम लावलं, कारण दिलं नाही, असं आढळलं तर पुन्हा निर्णय घ्यायला लावतो आणि झालेला खर्चही परत द्यायला सांगू शकतो. म्हणून वाट बघत असताना तुम्ही केलेल्या टॅक्सीच्या पावत्या आणि गाडीच्या मैलांची नोंद जपून ठेवा. विशेष गरजांचं ट्रिब्यूनल साधारणपणे वाहतुकीचं प्रकरण ऐकत नाही, तिकडे महिने घालवू नका.

वर्षाच्या मध्ये कॉलेज बदललं, घर बदललं किंवा मुलाची तब्येत बिघडली, तर नवीन अर्ज करता येतो. काउन्सिलही तक्रारींनंतर वर्षाच्या मध्येच धोरणाची सुधारित आवृत्ती काढू शकतं. ती मुभा कायद्याने त्यांना दिलेली आहे.

आणि पुढच्या वर्षाचं धोरण लिहिण्याआधी काउन्सिलला सल्लामसलत करावी लागते. कॉलेजांशी, बसचा कारभार बघणाऱ्यांशी, आणि त्या वर्षी त्या वयात येणाऱ्या मुलांशी व त्यांच्या पालकांशीही. तुमचं मूल इयर ११ मध्ये असेल त्या हिवाळ्यात काउन्सिलच्या संकेतस्थळावर ही विचारणा आली का ते बघत राहा. फॉर्ममध्ये ‘सहमत, असहमत’ अशा चौकटी असतात, त्यांच्याखाली मोकळी जागाही असते. त्या जागेत आपल्या गावाचं नाव, मुलाला हवा असलेला अभ्यासक्रम, तो जिथे शिकवतात त्या कॉलेजचं नाव, सकाळची पहिली बस किती वाजता निघते आणि संध्याकाळची शेवटची किती वाजता सुटते, एवढं लिहा. सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या नावाने वेगळा फॉर्म भरता येतो. त्यालाही भरायला सांगा.